रांजणावरचं फडकं

मास्तर मला आवडले नाहीत. तेव्हा नाही, आणि आज मी त्यांच्या त्या वेळच्या वयाच्या दुपटीपलीकडे गेले तरी नाही. वय झालं की माणूस माफ करायला शिकतो म्हणतात. मी काही शिकले नाही. माणूस खरं बोलतो म्हणून तो गोड असतो असं कुठं लिहिलंय? मास्तर खरं बोलत, पण काढा पाजावा तसं, समोरच्याचं नाक दाबून. त्यांच्याविषयी लिहायचं म्हणजे मला माझ्याविषयीही लिहावं लागणार, म्हणून हे सगळं मी इतके दिवस पुढं ढकलत आले.

आमचं गाव हसनाबादच्या बाजारापासून दीड कोसावर. आबा, म्हणजे आमचे वडील, गावचे पाटील. घर माळवदाचं, दारात बैल, चुलीपुढं माय. भाकरी थापल्याचा आवाज आणि बारवेतल्या पारव्यांचं घुमणं कानावर आलं की मला जाग यायची. न्याहारीला शिळी भाकरी, लसणाची चटणी आणि वाडगाभर ताक. दुपारी अंबाडीची भाजी असली तर तिच्यावर करडईच्या तेलाची धार. शाळा मारुतीच्या ओसरीवर भरायची. ती मुलांची शाळा, पण पटावर डोकी कमी पडायला लागली आणि शाळा उठवू असा तालुक्याहून हुकूम आला, तेव्हा आबांनी माझं आणि चंद्रीचं नाव घालून पट भरून काढला. चंद्री माझी बहीण, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. "बसू द्या दोघींला बी. शिकल्या न्हाई तर न्हाई, हाजरी तर लागंल," आबा म्हणाले, आणि असं आमचं शिक्षण सुरू झालं. सकाळी आधी हुजूरांना, म्हणजे तेव्हाच्या राजाला, उदंड आयुष्य मागणारी उर्दू दुआ, जिचा एक शब्द आम्हाला कळत नसे, मग पाढे, आणि पाढ्यांच्या आधी-नंतर केव्हाही मास्तरांची तपासणी.

मास्तर गोदाकाठच्या कुठल्याशा गावाहून बदलून आलेले. एकटे, किडकिडीत, धोतर मात्र कायम परीटघडीचं. आल्या दिवसापासून ते नाकानं कांदे सोलत. आमची नखं, दात, कान, मान, सगळं बघायचे. नखात मळ दिसला की बोटांवर रूळ. दात घासले नसतील तर हातात बाभळीची काडी देऊन देवळाच्या पायरीवर उभं करायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावं म्हणून. शेंबूड पुसायला प्रत्येकानं चिंधी आणायची, रानात बसून आलं की वर माती लोटायची, डोळे आले असतील त्यानं घरी राहायचं. आता हे सगळं शाळांच्या भिंतींवर रंगवलेलं असतं आणि त्याला कुणी शिव्या देत नाही. आमच्या गावानं भरपूर दिल्या. "लेकरं शिकवायला आलंय का धुवायला?" बाया पाणवठ्यावर म्हणायच्या. एकीनं तर त्यांच्या तोंडावर विचारलं, "मास्तर, आमच्या पोराचा मळ काढून राह्यले, तुमच्या मनातला कधी काढता?" मास्तर म्हणाले, "मनातला मळ पोटात जात नाही, बाई. नखातला जातो." असं उत्तर देणाऱ्या माणसाशी गाव गोडीनं कसं वागणार?

पण खरं भांडण लागलं ते बारवेवरून. आमची बारव म्हणजे पायऱ्यांची मोठी विहीर. बाया घागर घेऊन खाली उतरायच्या आणि घोटाभर पाण्यात उभ्या राहून भरायच्या. ती आबांच्या आज्यानं बांधलेली. मुलखात आमच्या घराण्याचं जे काही नाव होतं ते त्या बारवेमुळं. आणि गावात नारू होता. आता नारू कुणी पाहिलेला नाही, म्हणून सांगते. पायाची आग आग होऊन फोड यायचा आणि तो फुटला की आतून पांढरा, दोऱ्यासारखा लांबलचक जंत डोकं काढायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस महिनाभर खाटेवर. आमच्याकडं समज असा, की नारू हा बारवेतल्या साती आसरांचा, म्हणजे जलदेवतांचा, कोप. त्यांना दहीभात आणि हिरव्या बांगड्या वाहायच्या, खालच्या पायरीवर बसायचं आणि नारूचा पाय बारवेत सोडायचा. पाण्यात पाय गेला की आग खरोखरच थांबायची. आसरा पावल्या म्हणून माणूस हात जोडायचा, आणि त्याच्या शेजारीच घागर बुडवून एखादी बाई पाणी घरी न्यायची.

मास्तरांनी पहिल्याच उन्हाळ्यात हे पाहिलं आणि चावडीवर येऊन आबांना सांगितलं, "पाटील, नारू तुमच्या बारवेतून येतो. फोडाचा पाय पाण्यात गेला की नारूची पिल्लं पाण्यात सुटतात. तुम्ही ती पिता, आणि वर्षानं तुमच्या पायातून नारू निघतो. पायऱ्या बुजवा, वर रहाट बसवा. तोवर दुपदरी फडक्यानं गाळून प्या." आबा हसले. तेवढ्यावर थांबले असते तर ते मास्तर कसले! ते म्हणाले, "गावकुसाबाहेरच्या वस्तीला तुम्ही बारवेवर येऊ देत नाही. ती माणसं नदीच्या वाळूत झिरा खणून पितात. त्यांच्यात कुणाला नारू आहे का, बघून या." तिकडं नारू नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. पण ते पाटलाला चारचौघांत ऐकवायचं? आबा उठून उभे राहिले. "माह्या आज्याच्या पुण्याईला तू इख म्हणतो? शाळंत काय नाचायचं ते नाच. बारवंच्या पायरीला हात लावशील तर हात न्हाई ऱ्हायचा." मास्तरांना गावात कुणी 'तू' म्हटल्याची ती पहिली वेळ. त्यानंतर आबांनी त्यांना कधी 'तुम्ही' म्हटलं नाही.

मास्तरांनी मग शाळेपुरतं केलं. ओसरीवर एक रांजण ठेवला, त्याच्या तोंडावर मांजरपाटाचं दुपदरी फडकं बांधलं आणि पाणी भरायचं काम माझ्याकडं दिलं, कारण पाटलाच्या घरचं पाणी सगळ्यांना चालायचं. रोज सकाळी बारवेतून चार कळशा आणायच्या, फडक्यावरून हळूहळू ओतायच्या आणि फडकं लांब नेऊन झटकून उन्हात टाकायचं. मास्तर घरी स्वतःच्या हातानं गाळून प्यायचे आणि शाळेत या रांजणातलं. पावसाळा आणि हिवाळा मी ते काम इमानानं केलं, हेही लिहून ठेवते.

होळीच्या सुमाराला मास्तरांनी डोकी तपासायला घेतली. माझी वेणी उलगडली आणि सगळ्या पोरांसमोर मोठ्यानं म्हणाले, "पाटलांची लेक, आणि डोक्यात हा बाजार!" पोरं खो खो हसली. मग मला पायरीवर बसवून त्यांनी माझ्या केसांत घासलेट चोळलं, वर धडपा गुंडाळला आणि तशीच घरी पाठवली. सगळी गल्ली दारात आली होती. "पाटलाच्या घरी खोबरेल मिळंना जणू," कुणीतरी म्हणालं. मायनं त्या दिवशी मास्तरांना दिलेल्या शिव्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत, पण त्यातली एकही मला पुरेशी वाटली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी फडकं सोडून कळशी सरळ रांजणात ओतायला लागले. नंतर फडकं भिजवून पिळायचं आणि तोंडावर ताणून बांधायचं, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं गाळलंय. मास्तर तांब्या वर धरून ते पाणी घटाघटा प्यायचे आणि मला ते बघताना फार बरं वाटायचं. उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत मी हे केलं. त्यांना नारू व्हावा असं माझ्या मनात नव्हतं. नारू असा येतो यावर माझा विश्वासच नव्हता, मी आबांची लेक. मला फक्त त्या नाकपुड्या फुगवणाऱ्या माणसाला आमच्या बारवेचं पाणी आहे तसं पाजायचं होतं.

माझ्या हिशेबात एक गोष्ट आली नाही, ती म्हणजे चंद्री. चंद्रीला मास्तर आवडायचे. का, ते विचारू नका. काही पोरांना काढाही आवडतो. मास्तरांनी सांगितलं ते ती घरीसुद्धा पाळायची. मायच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याची दुहेरी घडी करून आपला तांब्या आपण गाळायची. आबा चिडवायचे, "आल्या बगा गाळणबाई!" माय रागवायची, की घरच्या पाण्याला नावं ठेवणारी पोरगी सासरी काय दिवे लावणार. चंद्री ऐकायची नाही. शेतात जाताना तिच्या कमरेला ती चिंधी खोचलेली असायची. शाळेत मात्र ती तांब्या सरळ रांजणात बुडवायची. "हितं आक्का गाळती की," म्हणायची. आक्का म्हणजे मी.

वर्ष उलटलं, पुन्हा उन्हं तापली, आणि मास्तरांच्या घोट्याला फोड आला. गावात पोळा आल्यासारखा आनंद झाला. "गाळून पिणाऱ्यालाच नारू!" जो तो दुसऱ्याला सांगत सुटला. एकानं त्यांच्या दाराबाहेर दहीभाताची पत्रावळ नेऊन ठेवली. मास्तर काठी टेकत शाळेत यायचे, पाय जमिनीला लागला की ओठ चावायचे, पण बारवेकडं फिरकले नाहीत. पहिल्या दिवशी मी सगळ्यांबरोबर हसले. दुसऱ्या दिवशी मला रांजण आठवला. मग चार दिवसांनी चंद्रीचा गुडघा सुजला आणि त्याच्या बाजूला फोड फुटून पांढरा दोरा दिसला. मी वर्षभर बारवेचंच पाणी घरी न गाळता प्याले होते. मला नारू तेव्हा झाला नाही, पुढंही कधी झाला नाही.

मास्तरांनी निरोप पाठवला, की पोरीचा पाय बारवेत घालू नका, शेण-चुन्याचा लेप देऊ नका. मी येऊन स्वच्छ पट्टी बांधतो, हळूहळू नारू काढतो. सांध्याजवळ आहे, चिघळला तर पाय जन्माचा आखडेल. आबांनी निरोप्याला दारातून परत लावलं. "त्याच्या गाळण्यानं काय झालं ते दिसलं सगळ्यायला. आता आमचं आमी बगतो." चंद्रीचा पाय माझ्या एका वाक्यावर येऊन थांबला होता, आणि मी मूग गिळून बसले. आठ दिवस. रोज माय तिला कडेवर घेऊन बारवेत उतरायची, पाय पाण्यात सोडायची, आणि घरी आणून शेण-चुना थापायची. गुडघा भोपळ्यासारखा झाला. तिच्या अंगाला ताप, लेपाचा घाण वास, आणि चुलीवर तिच्यासाठी शिजणारी कण्यांची पेज, जी ती दोन घोटांपुढं घेत नव्हती. एकदा तिनं मला जवळ बोलावून विचारलं, "आक्का, म्या तर गाळूनच पिल्ते ना गं?" मी म्हणाले, "व्हय." आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले, संसारात बोलावं लागतं; पण त्या 'व्हय'ची मला अजून शिसारी येते.

नवव्या दिवशी आसरांची मोठी पूजा मांडली. अर्धं गाव बारवेवर. खालच्या पायरीवर हिरव्या बांगड्या भरलेली चंद्री, पाय पाण्यात. तिला धरून माय, बाजूला दहीभाताचं ताट. दोन पायऱ्या अलीकडं एक म्हातारी घागर बुडवत होती. आबा वर, कठड्यापाशी. आणि मास्तर आले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात अर्धी बादली पाणी, हिंदकळत. कुणाशी न बोलता ते सगळ्यात वरच्या पायरीवर बसले, घोट्याची पट्टी सोडली आणि पाय बादलीत घातला. थोड्या वेळानं काढला. "या, बघा," म्हणाले. बघायला सगळेच वाकले. बादलीतल्या स्वच्छ पाण्यात दुधाचे थेंब पडावेत तसं पांढरं काहीतरी पसरत होतं. "ही नारूची पिल्लं. पोरीच्या पायातून आत्ता खाली हेच सुटतंय, आणि आजी, तुम्ही ते घागरीत भरून घेताय." म्हातारीनं घागर सोडूनच दिली. ती पाण्यात कलंडून बुडबुडत तळाला गेली.

"थांब," आबा म्हणाले. "तू गाळून पिला. माही पोरगी गाळून पिली. मंग तुमाला दोगाला कामून झाला? सांग ना. तुझं बराबर आसंल तर सांग!" सगळ्यांनी मास्तरांकडं पाहिलं. ज्या माणसाकडं प्रत्येक गोष्टीचं तोडून टाकणारं उत्तर असायचं त्याला आबांनी चारचौघांत अडवलं होतं. याच घटकेची मी घासलेटच्या वासात बसून वाट पाहिली होती, आणि आता मला ती नको होती. खालून चंद्री मान वर करून त्यांच्याकडं बघत होती, मास्तर आता सांगतील म्हणून. "मला माहीत नाही," मास्तर म्हणाले.

"म्या गाळलंच न्हाई," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मला पुन्हा सांगावं लागलं. "शाळंच्या रांजणात. होळीपासून सुट्टीपस्तोर. फडकं नुस्तं वरून बांधायची."

"खोटं बोलून राह्यली!" आबा ओरडले. "मास्तरनं शिकवलंय तिला. बिलकुल खोटं!" असं ओरडत ओरडतच ते पायऱ्या उतरायला लागले, पायातल्या वहाणांसकट, जे त्यांनी जन्मात केलं नव्हतं. दहीभाताचं ताट त्यांच्या पायानं उडालं. खाली जाऊन त्यांनी चंद्रीला पाण्यातून उचललं. तोंडानं "खोटं, साफ खोटं" चाललेलं, आणि दोन्ही हातांनी तिला छातीशी धरून ते भराभरा वर येत होते. माय मागून आली आणि मला अशी एक ठेवून दिली की कानात पारवे घुमले. चंद्री आबांच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत होती. रडत नव्हती, नुसती बघत होती. मास्तर पट्टी बांधत होते. वर न बघता त्यांनी विचारलं, "उवांसाठी?" मी मान हलवली. "उवा चार दिवसांत गेल्या असत्या, कौसल्या," ते म्हणाले, बादलीतलं पाणी बारवेपासून लांब कोरड्या मातीत ओतलं, आणि काठी टेकत निघून गेले.

त्या दिवसापासून मास्तर रोज आमच्या घरी यायला लागले, आबांच्या परवानगीनं, पण आबांच्या तोंडून एक शब्द न निघता. कापसाच्या पराटीच्या काडीवर नारू गुंडाळत ते ओसरीवर बसायचे आणि दोघांची बोलणी मायमार्फत व्हायची. "त्याला इचार, चहा पेतो का." "पाटलांना सांगा, आधी पोरीची पट्टी उकळून द्या." माय मधे उभी राहून तेच शब्द पुन्हा बोलायची, हातभर अंतरावर बसलेल्या माणसांना. नारू निघाला, अख्खा निघाला, पण त्या आठ दिवसांत गुडघ्यात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. चंद्रीचा पाय पुन्हा सरळ झाला नाही.

त्याच हिवाळ्यात आबांनी बारवेच्या पायऱ्या दगडांनी बुजवल्या आणि वर रहाट बसवला. का, असं विचारलं तर म्हणायचे, "गुरं पडून राह्यली." मरेपर्यंत त्यांनी दुसरं कारण सांगितलं नाही. आणि त्याच हातानं त्यांनी तालुक्याला अर्ज दिला, की मास्तर उद्धट आहे, याला इथून हलवा. मास्तरांची बदली झाली तेव्हा कुणी निरोपाचा नारळसुद्धा हातात ठेवला नाही. चंद्री काठी घेऊन वेशीपर्यंत गेली; मी गेले नाही. पुढं दोन-तीन वर्षांत गावातला नारू संपला, आणि आसरा शांत झाल्या असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

चंद्रीचा पाय बघून दोन स्थळं परत गेली. तिसऱ्यानं केली, आणि तो माणूस भला निघाला. आता ती नवीन जालन्यात मुलाकडं असते. भिंतीवर पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे, त्याला निळा दिवा लागतो. मी महिन्यातून एकदा जाते. आम्ही भांडतो, हसतो, जावयांना नावं ठेवतो. त्या रांजणाबद्दल तिनं मला इतक्या वर्षांत एका शब्दानं विचारलं नाही, आणि ही मुकी शिक्षा मला माफीपेक्षा जड जाते. परवा तिला गोळी घ्यायची होती. पाय उचलत नाही म्हणून म्हटलं, बस तू, मी आणते. यंत्राचं पाणी पेल्यात भरून नेलं तर तिनं उशीखालून पांढऱ्या फडक्याची दुहेरी घडी काढली आणि दुसऱ्या पेल्यावर ताणून धरली.

"अगं, यंत्रातलं आहे," मी म्हणाले. "आण इकडं, मीच गाळून देते."

"न्हाई," ती म्हणाली. "तू नुस्तं आणत जा, आक्का. गाळते मी."